पत्रकाच्या दोन बाजू

आमची आत्या घाबरट आहे, हे घरात कुणी लपवून ठेवलेलं नाही. तिनेही नाही. गॅस बंद केला का ते बघायला ती जिन्यावरून दोनदा परत येते, आणि तिसऱ्यांदा येते ती मघाशी दोनदा बघितलं की एकदाच, हे आठवत नाही म्हणून. भर दुपारी फोन वाजला तर तिच्या मते कुणीतरी गेलं. वाजला नाही तर सांगायलाही कुणी उरलं नाही. जिल्हा कार्यालयात तिला 'काळजीवाहू' म्हणतात. "साहेब येतात आणि जातात, पण आमच्याकडे कायमचं काळजीवाहू सरकार आहे," असं शेजारच्या टेबलावरचा आवकजावक कारकून येईल त्याला सांगतो. तीही हसते. हसून झालं की उठून खिडकीची कडी लागली आहे का ते बघून येते.

ती माहिती कक्षात काम करते. दर ऋतूला जिल्ह्याचं एक पत्रक निघतं. एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. पुढे लोकांचे कार्यक्रम, मागे कार्यालयाच्या सूचना. वसंतातलं पत्रक सगळ्यांत गच्च असतं. थंडीभर घरात बसून कंटाळलेल्या प्रत्येक मंडळाला तेव्हाच काहीतरी करायचं असतं, आणि प्रत्येक खात्याला रस्ताही तेव्हाच खणायचा असतो. त्यामुळे पुढे रोपांचं मोफत वाटप, जुन्या पुस्तकांची अदलाबदल, कुत्र्यांना लस, नदीकाठी चित्रकला. आणि मागे मतदारयादीची दुरुस्ती, वाचनालयाची बदललेली वेळ, दोन दिवस पाणी नाही, कचऱ्याच्या नव्या नियमावर सुनावणी.

पुढच्या बाजूवर कार्यक्रम अधिकारी सही करतात. मागच्या बाजूवर ज्या त्या खात्याचे साहेब आपापल्या चौकटीपुरती सही करतात. छापायच्या आधी पूर्ण कागद बघणारं माणूस एकच, आत्या.

तिची मुद्रितं वाचायची एक पद्धत आहे आणि ती आजोबांकडून आलेली आहे. आजोबा छापखान्यात खिळे जुळवायचे. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशात दिसतं तसं. आत्या लहानपणी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसायची, म्हणून तिला सुलटं वाचता यायच्या आधी उलटं वाचता यायला लागलं. शाळेत त्यावरून मारही खाल्ला म्हणे. आजोबांनी शिकवलेली दुसरी गोष्ट अशी की मुद्रित नेहमी शेवटून वाचायचं. शेवटच्या ओळीतला शेवटचा शब्द, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्याही आधीचा. "अर्थ लागला की डोळा धावतो," ते म्हणायचे, "आणि धावणाऱ्याला खड्डा दिसत नाही." सव्वीस वर्षांत जिल्ह्याच्या पत्रकात काना-मात्रेची एक चूक निघालेली नाही. एवढी एकच गोष्ट आहे जिच्याबद्दल आत्याला भीती वाटत नाही. वाटत नव्हती, असं म्हणायला हवं.

त्या रविवारी वसंतफेरी होती. नऊ वाजता कार्यालयाच्या आवारातून निघायचं आणि नदीपलीकडच्या बागेत पोचायचं. माझी धाकटी बहीण सातलाच घरातून पळाली होती. तिच्या वर्गातल्या मुली फेरीवर पाकळ्या टाकणार होत्या. कुठे उभं राहून टाकणार, ते तिने आईला सांगितलं होतं, आत्याला सांगितलं नव्हतं. आत्याला कमी सांगायचं, हा आमच्या घरातला नियम आहे.

मी आत्याला स्कूटरवर घेऊन पाव आणायला गेले. तिला मागे बसवलं की माझी गाडी सायकलच्या वेगाने चालते, कारण "हळू चालव" हे वाक्य ती दर वळणावर म्हणते आणि सरळ रस्त्यावर दोनदा म्हणते. बेकरीत आमच्या पुढे चारपाच जण होते. दाराच्या काचेवर पत्रक चिकटवलं होतं, पुढची बाजू रस्त्याकडे. आम्ही आत उभ्या होतो, म्हणून आम्हाला मागची बाजू दिसत होती. रस्त्याच्या बाजूने ऊन सरळ काचेवर येत होतं.

पावाची पिशवी हातात घेऊन आत्या आपलंच पत्रक वाचत उभी राहिली. काम नव्हतं, तपासायचं नव्हतं, म्हणून बाकीची माणसं वाचतात तसं वरून खाली वाचत होती. पहिल्यांदाच, असं ती नंतर म्हणाली.

मग तिने माझा दंड धरला. इतका घट्ट की दुसऱ्या दिवशीपर्यंत बोटं उमटलेली होती.

"ही चौकट वाच," ती म्हणाली.

बांधकाम खात्याची चौकट होती. नदीवरच्या झुलत्या पादचारी पुलाच्या डावीकडच्या लोखंडी दोरात तुटलेल्या तारा आढळल्या आहेत. दोर बदलेपर्यंत एका वेळी वीसपेक्षा अधिक व्यक्तींनी पुलावर जाऊ नये. तसे फलक सोमवारपासून लावण्यात येतील.

"बरं, मग?" मी म्हटलं.

"आता तिच्या मागून उन्हात काय दिसतंय ते वाच."

मला नुसत्या उलट्या रेघा दिसल्या. तिने बोट ठेवून वाचून दाखवलं. आवाज इतका चिरका झाला की रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. "वसंतफेरी. रविवारी सकाळी नऊ. झुलत्या पुलावरून पलीकडच्या बागेत. पुढे बँडपथक. सर्वांनी सहकुटुंब यावे."

एकाच कागदाच्या पुढेमागे, बरोबर एकमेकांच्या पाठीला पाठ लावून दोन्ही मजकूर बसले होते. पुढचा तिने मंगळवारी वाचला होता, मागचा गुरुवारी. दोन्ही शेवटून. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी.

बेकरीतल्या घड्याळात नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती.

तिने बांधकामच्या अभियंत्यांना फोन लावला. बंद. रविवार. कार्यक्रम अधिकाऱ्यांना लावला. वाजत राहिला. बँडच्या शेजारून चालणाऱ्या माणसाला खिशातला फोन ऐकू येत नाही. तिने परत लावला, परत वाजत राहिला. तिसऱ्यांदा बोट चुकलं आणि फोन आमच्याच घरी लागला. आई म्हणाली, "अगं, पाव मिळाले का? आणि येताना पुलावर जाऊन धाकटीला बघून ये, मधोमध उभ्या आहेत म्हणे सगळ्या मुली. फार छान दिसत असतील."

आत्याने फोन बंद केला. आईचं बोलणं मलाही ऐकू आलं होतं.

"तू दोरांचं काम करतेस," ती मला म्हणाली. मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. "खरं सांग. वीस म्हणजे वीसच असतं, की पंचवीस चालतात?"

चालतात. लिफ्टमध्ये आठ माणसं लिहिलेली असतात तेव्हा दोर त्याच्या कितीतरी पट वजन पेलणारा असतो. पण तो चांगला दोर. दोराच्या वरच्या तारा तुटलेल्या दिसतात तेव्हा आत किती तुटल्यात ते बाहेरून सांगता येत नाही, म्हणून आम्ही असा दोर दिसला की आधी लिफ्ट बंद करतो आणि मग बोलतो. आणि माणसं नुसती उभी नसतात, चालतात. झुलत्या पुलावर शेकडो माणसं एका ठेक्यात पाय टाकायला लागली की पूल त्यांच्या पायांबरोबर डुलायला लागतो, आणि तो डुलतो म्हणून त्यांची पावलं आणखी जुळत जातात. आणि इथे ठेका धरायला पुढे ढोल होता. मला काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "ठेक्यात चालले तर वाईट."

तिने काचेवरून पत्रक ओरबाडून काढलं. बेकरीवाला आतून म्हणाला, "अहो ताई, पत्रक कुठे नेता, सरकारी आहे ते."

"मीच सरकार आहे," आत्या म्हणाली. हे तिच्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. स्कूटरवर बसता बसता ती मला म्हणाली, "जोरात चालव."

हे दोन शब्द मी तिच्याकडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. आणि खरं सांगते, पत्रक वाचून वाटली नव्हती एवढी भीती मला त्या शब्दांनी वाटली.

मुख्य रस्ता फेरीने भरलेला होता. आम्ही लाकडाच्या वखारीमागच्या गल्लीतून गेलो. डावीकडून घरांच्या फटींमधून ढोल ऐकू येत होता, कधी मागे, कधी अगदी बरोबरीने. आत्या माझ्या पाठीला डोकं टेकून काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेते आहे. नीट ऐकलं तर ती चौकट म्हणत होती, बांधकामची, अक्षरन् अक्षर, पहिल्यापासून.

आम्ही पोचलो तेव्हा फेरीचं तोंड शेवटच्या वळणावर होतं. पुलावर मुली होत्या. बरोबर मधोमध, हातात टोपल्या. ढोल जवळ येतोय हे कळल्यामुळे त्या आनंदाने उड्या मारत होत्या. झुलत्या पुलावर मुलं दुसरं काय करणार? सगळ्या एकदम वर, सगळ्या एकदम खाली. फळ्या कडकड वाजत होत्या आणि आमच्या बाजूच्या खांबापाशी डावीकडचा दोर दर उडीला थोडा थरथरत होता. त्या दोरावर एका जागी नवं पिवळं कापड बांधलेलं होतं. खूण म्हणून बांधलं असणार. मी हाका मारल्या. आत्याने मारल्या. ढोलापुढे काही चालेना.

आत्या बोटाने मोजत होती. "सतरा," ती म्हणाली. "मी गेले तर अठरा. वीसच्या आत आहे."

"आत्या, मी जाते."

"तू इथे उभी राहा. माझं कुणी ऐकणार नाही. तू गाडी आडवी घाल." पत्रक तिने माझ्या हातात कोंबलं.

आत्याने त्या पुलावर कधी पाय ठेवला नव्हता. पलीकडच्या काठावर तिची मैत्रीण राहते. तिच्याकडे जायचं तर आत्या सात किलोमीटर वळसा घालून मोठ्या पुलावरून, दोन बस बदलून जाते. ती आता फळीवर उभी होती. पावाची पिशवी तिच्या हातातच होती, सोडायचं सुचलंच नाही. तिने पुढे पाहिलं नाही, खालीही पाहिलं नाही. एक फळी. मग पुढची फळी. मुद्रितावरून तिची नजर जशी जाते तशीच चालली होती, एकावेळी एक शब्द, पुढच्याशी मागच्याचा संबंध न जोडता. मला तिची फक्त पाठ दिसत होती.

तेवढ्यात बँड आला. मी स्कूटर पुलाच्या तोंडाशी आडवी घालून तिच्यासमोर उभी राहिले.

सगळ्यांत पुढे ढोलवाला होता, दारातून आडवा आत जाईल एवढा माणूस. तो थांबला, पण हात थांबेना. "ताई, गाडी बिघडली का?" तो वाजवता वाजवता म्हणाला. "ढकलायला माणसं देऊ?"

"ढोल थांबवा."

"आत्ता कुठे हात बसलाय."

कार्यक्रम अधिकारी मागून पुढे आले. छातीला फूल, हातात कर्णा. "काय प्रकार आहे? गाडी काढ आधी. तीनशे माणसं उभी आहेत मागे."

मी त्यांना पत्रक दिलं. त्यांनी पुढची बाजू वाचली आणि म्हणाले, "बरोबर तर आहे. झुलत्या पुलावरून. माझी सही आहे यावर."

"उलटं करा."

त्यांनी उलटं केलं. वाचलं. कान तांबडे झाले. "हे मला कुणी दाखवलं नाही," ते म्हणाले. "तुमच्या काळजीवाहूंनी काय झोपेत छापलं का? आणि असं बघा, बांधकामवाले नेहमी जास्तीचंच लिहितात. वीस म्हणजे दोनशे समजायचे. चला, हळूहळू जाऊ."

ढोलवाल्याने त्यांच्या हातून कागद घेऊन स्वतः वाचला. ओठ हलवत, सावकाश. मग पिवळ्या कापडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे, मग ढोलाकडे. "साहेब," तो म्हणाला, "वीसांत मला एकट्यालाच चार धरतात. ढोल वेगळा." आणि त्याने टिपऱ्या खिशात घातल्या.

ढोल थांबला तशी नदी ऐकू यायला लागली. सगळे पुलाकडे बघत होते.

आत्या मुलींपर्यंत पोचली होती. ती ओरडली नाही. नंतर धाकटीने सांगितलं, ओरडायची गरजच पडली नाही. "आत्या पुलावर आलेली दिसली ना, तेव्हाच आम्हाला कळलं की काहीतरी भयंकर झालंय. माझ्या मैत्रिणीलापण कळलं. ती तर आत्याला ओळखतही नाही, मी नुसतं सांगितलेलं." आत्या एवढंच म्हणाली होती, "उड्या नकोत, धावणं नको. एकेकीने, पलीकडे." मुली एकामागे एक निघाल्या आणि सर्वांत शेवटी आत्या. पुलाचं डोलणं कमी होत गेलं, पण पूर्ण थांबलं नव्हतं. शेवटची टोपली पलीकडच्या खांबामागे गेली तेव्हा मी श्वास सोडला. माझ्या शेजारी ढोलवाल्यानेही सोडला, तो बराच मोठा होता.

मग आत्याने पलीकडून पावाची पिशवी हवेत हलवली. आम्हाला कळलं की ती मोजणार आहे.

वीस-वीस जण गेले. एक खेप पोचली की पिशवी हलायची, मग मी पुढची सोडायचे. बँडवाले वाद्यं काखेत मारून, मुद्दाम पावलं चुकवत गेले. ढोलवाल्याने ढोल आधीच्या खेपेतल्या दोघांकडे दिला आणि स्वतः नंतर गेला, "आम्ही दोघं एकत्र नको" म्हणून. थट्टा चालली होती, पण दर खेपेला पाचवं-सहावं पाऊल पडलं की थट्टा बंद व्हायची आणि पैलतीरावर पोचल्यावरच परत सुरू व्हायची. मी त्या पिवळ्या कापडावरून डोळा हलवला नाही. दोर तुटला नाही. तुटणार होता की नव्हता, ते मला आजही माहीत नाही. सोमवारी अभियंत्यांनी दोर तपासला आणि पूल पूर्णच बंद केला. किती तारा तुटल्या होत्या, हे त्यांनी आत्याला सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही. जगात तिने न विचारलेली तेवढी एकच गोष्ट असेल.

पंधरा खेपा भरल्या. सोळाव्या खेपेत अकरा उरले, त्यांत स्वतः कार्यक्रम अधिकारी. ते पुलावर चढले तशी मी गाडी सरळ केली आणि मोठ्या पुलाच्या वाटेला लागले. आत्या परत त्या पुलावरून येणार नाही हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

बागेत पोचले तेव्हा बँड बसून सरबत पीत होता. आत्या पुलाच्या तोंडाशी दगडी बाकावर बसली होती, मांडीवर चपटी झालेली पिशवी आणि धाकटीचा हात दोन्ही हातांत धरलेला. मला वाटलं, आता ती रडेल. तिने विचारलं, "तुझे किती झाले?"

"तीनशे अकरा."

तिच्या चेहऱ्यावरचा उरलासुरला रंग गेला. "माझे तीनशे दहा," ती म्हणाली.

मी म्हटलं, मोजण्यात चूक होते एखादी. म्हटल्याबरोबर कळलं की हे तिला सांगण्यात अर्थ नाही. सव्वीस वर्षं. ती उठून काठावर गेली आणि पाण्याकडे बघायला लागली. वसंतातलं पाणी, गढूळ, भरून चाललेलं. तिच्याबरोबर मीही बघायला लागले. कुठे टोपी, कुठे चप्पल. धाकटी मुलींना परत परत मोजत होती, सतरा, सतरा. ढोलवाला उठून आला, "काय झालं?" म्हणाला, आणि ऐकल्यावर त्याने बागेत हाळी दिली की प्रत्येकाने आपापलं माणूस बघा. प्रत्येकाचं माणूस होतं. म्हातारेकोतारे होते, तान्ही बाळं होती, एक कुत्रापण होता, तो कुणी मोजलेला नव्हता.

"शेवटच्या खेपेत," आत्या म्हणाली, "माझ्याकडे दहा उतरले. तू किती सोडलेस?"

"अकरा. साहेब होते त्यांत."

आम्ही दोघींनी बागेकडे पाहिलं. साहेबांचं भाषण अकराला होतं. खुर्ची रिकामी होती, कर्णा कुठेच नव्हता.

आत्याने फोन लावला. वाजत राहिला, सकाळसारखाच. ती डोळे मिटून उभी होती आणि माझ्या दंडावर पुन्हा त्याच जागी तिची बोटं रुतली होती. मग कुणीतरी उचलला.

"हां, बोला," साहेब म्हणाले.

"कुठे आहात?"

"कार्यालयात. ते काय झालं, पुलावर चढलो आणि एक महत्त्वाचं काम आठवलं. म्हणून परत फिरलो."

"किती पावलं गेला होतात?"

"आता ते कुठे मोजलं मी? असतील सातआठ. का हो?"

"काही नाही," आत्या म्हणाली. "तुम्ही आहात ना. झालं."

तिने फोन ठेवला आणि बाकावर बसली, बसली म्हणजे जवळजवळ पडलीच. ढोलवाला तिच्याकडे बघून म्हणाला, "ताई, साहेब घाबरले ते लपवतात, तुम्ही घाबरलात ते मोजता. बरं झालं." तिला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिने पिशवीतून एक पाव काढला, पोळीसारखा सपाट झालेला, त्याचे तीन तुकडे केले. आम्ही तिघींनी खाल्ला.

"उद्या मला बोलावतील," ती म्हणाली. "लेखी मागतील."

"मागतील."

"मी लिहून देईन, दोन्ही बाजू मीच वाचल्या होत्या. खोटं कसं लिहू? वाचल्या तर होत्याच." तिने मांडीवरचा चुरा झटकला. "आता शेवटूनही वाचायचं आणि पहिल्यापासूनही. मग घरी यायला मला आठ वाजतील. तुम्ही काळजी कराल."

धाकटी म्हणाली, "आम्ही नाही करत काळजी, आत्या. ते तुझं खातं आहे."

ती हसली नाही. उठली, आमच्या दोघींच्या डोक्यांवरून एकदा बोट फिरवलं, एक, दोन, आणि स्कूटरच्या मागे जाऊन बसली. धाकटी मध्ये. मी किल्ली फिरवली, तेव्हा डाव्या हाताला पूल रिकामा, उन्हात नुसता लटकत होता. आत्याने तिकडे पाठ केली.

"मोठ्या पुलावरून," ती म्हणाली. "आणि हळू चालव."